करंजवाडीला काहीच येत नाही

कडूबाच्या ओट्यासमोर उभ्या राहून कालिंदीबाईंनी विचारलं, "कडूबादादा, तुम्हाला काय काय येतं?"

कडूबानं बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला? मला काहीच येत नाय, बाई."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, माणूस नम्र आहे. करंजवाडीच्या भजनी मंडळात पेटी कडूबाच वाजवायचा, आणि अशी वाजवायचा की पिशोरच्या सप्ताहातूनही त्याला बोलावणं यायचं. म्हणून त्यांनी पेटीचं विचारलं. कडूबा म्हणाला, कुठली पेटी? त्याच्या मागे उघड्या दारातून पेटी दिसत होती. निदान पेटीच्या आकाराचं काहीतरी दिसत होतं, कारण कडूबाच्या बायकोनं एवढ्यातच तिच्यावर गोधडी टाकली होती आणि वर बसून ती लसूण सोलत होती.

कालिंदी धारूरकर करंजवाडीच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवायच्या. दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक काकासाहेब गुंजाळ, निवृत्तीला टेकलेले. बाई मूळच्या औरंगाबादच्या. या शाळेवर नेमणूक झाल्यापासून पिशोरला खोली घेऊन राहत आणि रोज एसटीनं ये-जा करत. उत्साह हा त्यांचा गुण होता आणि तेच त्यांचं दुखणंही होतं. कुठलंही प्रशिक्षण निघालं की तालुक्यातले निम्मे शिक्षक डॉक्टरचा दाखला आणून आजारी पडायचे. बाई मात्र पहिल्या रांगेत बसायच्या आणि प्रश्न विचारायच्या.

या वेळचं शिबिर औरंगाबादला होतं, नवे उपक्रम करणाऱ्या शिक्षकांसाठी. विषय होता शाळा आणि समाज यांची भागीदारी. मार्गदर्शक अनंतराव राजूरकर मोठे गोड गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं असं की, प्रत्येक गावात गुणी माणसं असतात. कुणाला कोणतं काम येतं ते घरोघर जाऊन विचारा, त्याचा नकाशा काढा आणि त्या माणसांना वर्गात शिकवायला बोलवा. बाईंना हे इतकं पटलं की त्या तिथेच उठून म्हणाल्या, "आमच्या करंजवाडीत अशी माणसं घरोघर आहेत. ती शाळेत येऊन शिकवू शकतात."

नेमकी तेव्हाच खालून एक वरात चालली होती आणि बँडवाल्यांना चेव आला होता. अनंतरावांना त्या वाक्यातलं 'शकतात' काही ऐकू गेलं नाही. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'करंजवाडी : गावकरी शाळेत येऊन शिकवतात', आणि खाली दोन रेघा मारल्या. सभागृहात टाळ्या पडल्या. बाई दुरुस्ती करायला उभ्या राहिल्या, तर त्या टाळ्या स्वीकारायलाच उठल्या असं समजून लोकांनी टाळ्या आणखी वाढवल्या. मग अनंतरावांनी जाहीर केलं की येत्या शुक्रवारी हे सगळं शिबिर बस करून करंजवाडीला जाईल आणि हा चमत्कार डोळ्यांनी पाहील.

म्हणजे शुक्रवारपर्यंत बाईंना 'शिकवू शकतात'चं 'शिकवतात' करून दाखवायचं होतं. काम अवघड नव्हतं. गावाला फक्त हो म्हणायचं होतं.

कडूबाकडून बाई द्वारकाबाईंकडे गेल्या. अख्ख्या गावाची झंपरं आणि पोरांचे गणवेश द्वारकाबाईच शिवायच्या, आणि त्यांच्या हातच्या गोधड्या तर औरंगाबादेतल्या पाहुण्यारावळ्यांपर्यंत पोचल्या होत्या. बाईंनी शिवणाचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, आपल्याला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. कोपऱ्यातल्या मशीनवर चादर टाकून देवाचा फोटो मांडला होता आणि पुढे उदबत्ती लावली होती. बाईंनी तिकडे पाहिलं तशा द्वारकाबाई म्हणाल्या, "ते टेबल हाये." टेबलाला पायडल होतं.

बन्सी हा गावातल्या मोटारींचा, इंजिनांचा आणि पिठाच्या गिरणीचा डॉक्टर. तो बाईंना कोपरापर्यंत काळ्या तेलानं माखलेला सापडला. त्यानं सांगितलं की आपण म्हशीला तेल लावत होतो, पाना कशाला म्हणतात ते आपल्याला ठाऊक नाही. शेवटचं घर सारजाबाईंचं. बारशापासून हळदीपर्यंत गावातलं कुठलंच कार्य त्यांच्या गाण्याशिवाय उभं राहत नसे. त्यांनी कानाला हात लावून सांगितलं की आता वय झालं, काहीच ऐकू येत नाही. बाई निराश होऊन पाठ फिरवत स्वतःशीच पुटपुटल्या, "निघावं आता, एसटी चुकायची." मागून सारजाबाई म्हणाल्या, "एष्टीला लई येळ हाये. चा घेऊन जा."

काकासाहेबांनी बाईंचा कोरा कागद पाहिला आणि चष्मा पुसला. ते म्हणाले, "बाई, आपण कागद घेऊन दारात गेलो की आपण सरकार होतो. रिकाम्या हातानं गेलो तर मास्तर."

बाईंना हे पटलं. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या हातांनी निघाल्या, आणि गाव जास्तच घाबरलं.

त्याचं कारण असं होतं. एसटीच्या थांब्यावर रामकिसनचं चहाचं हॉटेल होतं. गावात येणारी प्रत्येक खबर आधी तिथे उतरायची, चहा प्यायची आणि थोडी फुगून मग गल्लीत शिरायची. बाई कागद घेऊन उतरल्या तेव्हाच रामकिसननं बाकड्यावरच्या मंडळींना समजावून सांगितलं होतं. "मागल्या साली सर्वेत इचारलं, घरात काय काय हाये. ज्यानं पंखा हाये म्हणलं त्याचं रेशनचं पिवळं कार्ड गेलं. आता इचारायल्यात, तुमाला काय काय येतं. ज्याला काम येतं त्याला कमाई येती. मंग कार्ड कशाला ठिवतेत?" यात खोट काढायला कुणालाच जागा दिसली नाही. आणि आता बाई कागदाशिवाय फिरायला लागल्यावर रामकिसननं आवाज खाली आणून सांगितलं, "तोंडपाठ करून न्यायल्यात. म्हंजे आपुन काय सांगितलं ते खोडायला बी नको."

आता नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. तसं वागूनही दाखवायला हवं होतं. भजनाच्या वारी देवळात टाळ वाजले, पण पेटी नव्हती, आणि कडूबा पहिल्यांदाच ऐकायला बसल्यासारखा मागच्या भिंतीला टेकून बसला. द्वारकाबाईंनी एका नवरीची झंपरं अर्धी ठेवून दिली. आणि गिरणीचा पट्टा तुटला. गिरणी बन्सीच्या सख्ख्या चुलतभावाची. तो बोलवायला आला तर बन्सीनं त्यालाच विचारलं, पट्टा म्हणजे काय? भावानं पण मान डोलावली आणि तो मुकाट परत गेला. त्याचंही पिवळं कार्ड होतं.

गिरणी बंद पडल्यावर बायकांना दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पिशोरला जावं लागलं. हे एकदा चाललं, दोनदा चाललं. मग सारजाबाई काठी टेकत शाळेत आल्या. कालिंदीबाई तेव्हा वर्गात एकट्याच बसून चार्टपेपरवर गावाचा नकाशा काढत होत्या. घरं सगळी काढून झाली होती, पण घरांत लिहायला काही नव्हतं.

"बाई," सारजाबाई म्हणाल्या, "तुमचा सर्वे उरका आन बन्सीला मोकळं करा. आमाला भाकर खाऊ द्या."

"कसला सर्वे, आजी?"

सारजाबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पिवळं कार्ड, रामकिसनचा हिशोब, टेबल झालेलं मशीन. बाई ऐकत राहिल्या. मागच्या वर्षीच्या सर्वेत घरोघर फिरणाऱ्या त्याच होत्या. सारजाबाईंच्या छताला फिरणारा पंखा त्यांनीच पाहिला होता आणि 'होय'च्या चौकटीत खूण केली होती.

"लेकानं आणला व्हता, उन्हाळ्यात मला झोप लागंना म्हून," सारजाबाई म्हणाल्या. "तुमी इचारलं, म्या खरं सांगितलं. कार्ड गेलं. तुमच्यावर राग नाय, बाई. तुमच्या हातात तरी काय व्हतं? पर आता मला गाणं येत नाय."

बाईंनी उठून सारजाबाईंना पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या की आजी, चूक तुमची नव्हती. मग त्या काकासाहेबांवर शाळा सोपवून सरळ रामकिसनच्या हॉटेलात गेल्या. हॉटेलात बाईमाणूस कधी येत नसे, त्यामुळे त्या आत शिरताच बाकडं रिकामं झालं आणि दारात गर्दी भरली.

बाईंनी मोठ्यानं सांगितलं की हा सर्वे नाही, कुणाचं कार्ड जाणार नाही, असलं काही सरकारनं विचारलेलंच नाही. शाळेतल्या लेकरांना तुमच्याकडून शिकायचं आहे, आणि शुक्रवारी औरंगाबादहून शिक्षक ते बघायला येणार आहेत.

रामकिसननं विचार केला. "म्हंजे वरून माणसं येणार. ज्याला काय येतं त्यानं त्यांच्या म्होरं दाखवायचं. आन त्याला काय भेटणार?"

"मान आहे, धन नाही," बाई म्हणाल्या.

वाक्य चांगलं होतं; बाईंनाही ते बोलताना आवडलं. पण रामकिसनचा स्टोव्ह तेव्हा ऐन भरात होता. पुढे उभ्या असलेल्यांनी वाक्य पुरतं ऐकलं. मधल्यांना 'मानधन' ऐकू आलं. आणि दाराबाहेरच्यांनी गल्लीत जाऊन सांगितलं की मानधन आहे, महिन्याच्या महिन्याला. पुढच्यांनीही मग आपलंच ऐकणं चुकलं असं ठरवलं.

बाई समाधानानं एसटीत बसल्या. त्या दिवशी गिरणी पुन्हा सुरू झाली. जाता जाता बाईंनी तिचा आवाज ऐकला आणि त्यांना वाटलं, माणसाशी सरळ बोललं की सगळं सुटतं.

शुक्रवारी बस शाळेसमोर थांबली तेव्हा शाळेचं अंगण दिसत नव्हतं. तिथे करंजवाडी उभी होती. द्वारकाबाईंचं मशीन नवऱ्याच्या डोक्यावरून आलं होतं. कडूबा पेटी घेऊन बसला होता, आणि त्याच्या शेजारी आणखी एक पेटी घेऊन त्याचा मेहुणा देवगाव रंगारीहून मुद्दाम आला होता. बन्सीनं पहाटेच येऊन शाळेचा हातपंप खोलून ठेवला होता, पाहुण्यांसमोर जोडून दाखवायला. ज्यांना खरोखरच काही येत नव्हतं तेही मागे नव्हते. एकानं आपल्याला पोहता येतं म्हणून नाव सांगितलं आणि कुठल्या विहिरीत दाखवू असं विचारलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की आपल्याला उर्दू येतं, निजामाच्या वेळी शाळेत शिकलो. आणि त्यानं ते अलिफ-बे म्हणून दाखवलंही. दगडाबाई नावाच्या एका आजी म्हणाल्या की आपल्याला भांडता येतं, पण समोर कुणीतरी पाहिजे.

कालिंदीबाई दारात थिजून उभ्या राहिल्या. अनंतराव बसमधून उतरले आणि त्यांनी सगळ्या गावाला हात जोडले.

अडचण अशी झाली की शिकवणारे शंभर आणि शाळेतली पोरं पस्तीस. प्रत्येक पोराभोवती दोन-दोन जाणते जमले, तरी बरीच मंडळी रिकामी राहिली. ती मग बसमधून उतरलेल्या शिक्षकांकडे वळली. घटकाभरात निंबाखाली चार शिक्षिका द्वारकाबाईंच्या गोधडीला धावदोरा घालायला बसल्या. दोन केंद्रप्रमुख अलिफ-बे गिरवायला लागले. सारजाबाईंनी अनंतरावांना समोर बसवून जात्यावरची एक ओवी शिकवायला घेतली आणि सूर चुकला की त्या त्यांच्या गुडघ्यावर चापट मारत होत्या. दगडाबाईंना एक तरुण गुरुजी मिळाले होते. ते हरत होते.

बन्सीचा पंप लवकर जोडून झाला आणि त्याचे हात रिकामे झाले. त्यानं बसच्या ड्रायव्हरला विचारलं की गाडी चढावर दम टाकते का. ड्रायव्हर म्हणाला, टाकते खरी. बन्सीनं बॉनेट उघडलं, भोवती दहा-बारा शिक्षक गोळा केले आणि इंजिन समजावून सांगायला सुरुवात केली. समजावताना एकेक भाग काढून तो त्यांच्या हातात देत गेला.

दुपार कलली तेव्हा अनंतराव भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले की एवढ्या वर्षांत असं गाव आपण पाहिलं नाही. "एका पैशाची अपेक्षा नाही. केवळ लेकरांच्या प्रेमापोटी सगळं गाव शाळेत आलं."

कडूबानं पेटीचा भाता बंद केला. रामकिसन गर्दीतून पुढे आला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, ते मानधनाचं कसं?"

अनंतरावांनी कालिंदीबाईंकडे पाहिलं. गावानंही कालिंदीबाईंकडे पाहिलं. एका क्षणात त्यांना कळलं की 'मान आहे, धन नाही' हे वाक्य आपण पुन्हा कधीच वापरायचं नाही.

पळून जायला बस होती, पण ती बारा शिक्षकांच्या हातांत होती. बाई पुढे आल्या.

"मानधन नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हणाले होते की यात पैसे नाहीत. पण तुम्हाला नीट ऐकू गेलं की नाही ते मी बघितलं नाही, ही माझी चूक. आणि सर, तुम्हालाही सांगते. गावातले लोक शाळेत येऊन शिकवत नव्हते. शिकवू शकतात, असं मी म्हणाले होते. हे सगळे आज पहिल्यांदाच आलेत. आणि मानधनासाठी आलेत."

अनंतराव खुर्चीवर बसले. निंबाखालून एक शिक्षिका हळूच उठायला लागली, तशा द्वारकाबाई तिला म्हणाल्या, "बसा खाली. ती वळ पुरी केल्याबिगर उठायचं नाय. पैसं नसलं म्हून टाका सोडायचा व्हय?"

शिक्षिका बसली. कुणीतरी हसलं. मग सारजाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. त्या काय म्हणतील याची कालिंदीबाईंना सगळ्यात जास्त भीती होती.

"धन नाय ते नाय," सारजाबाई अनंतरावांना म्हणाल्या. "पर साहेब, एक इचारते. आमच्या बाईनं लेकरास्नी शिकवायच्या आधी तुमी तिला औरंगाबादला न्हेता. खुर्चीवर बसवता, जेवू घालता, खांद्याला पिशवी देता. मंग ती शिकवती. आन आमी काय तसंच शिकवायचं? आमाला कामून न्हेत नाय?"

गावातून एकदम आवाज उठला की व्हय, हे बराबर हाये. रामकिसननं तर ही मागणी आपलीच असल्यासारखी दोनदा पुन्हा सांगितली.

अनंतरावांनी आयुष्यभर शिक्षकांना प्रशिक्षणं दिली होती. प्रशिक्षण पुढे ढकला, कमी करा, रद्द करा, अशा विनंत्या त्यांना रोज यायच्या. प्रशिक्षण द्या, असा हट्ट आजवर कुणी धरला नव्हता. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि तिथल्या तिथे कबूल केलं. मग बन्सीला बस जोडायला सांगण्यात आलं. बारा शिक्षकांनी आपापल्या हातातला भाग कुठे बसायचा ते आठवून सांगितलं आणि त्यांतल्या नऊ जणांचं बरोबर निघालं. तोवर घरोघरून भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. दिवेलागणीला बस चालू झाली आणि चढावर तिनं दम टाकला नाही.

अनंतराव शब्दाचे पक्के निघाले. पुढच्या महिन्यात करंजवाडीची मंडळी एसटीनं औरंगाबादला गेली आणि पिशव्या खांद्याला लावून परत आली. काकासाहेबांनी विचारलं, शिबिर कसं झालं. सारजाबाई म्हणाल्या, जेवण चांगलं होतं, साहेब मन लावून बोलत होते म्हणून मधून उठता आलं नाही, आणि दुपारी सगळ्यांचा डोळा लागला. काकासाहेबांनी समाधानानं मान हलवली. प्रशिक्षण नियमाप्रमाणे झालं होतं.

सोमवारी पहिला तास कालिंदीबाईंचा होता आणि त्यानंतर द्वारकाबाईंचा. द्वारकाबाई वेळेआधीच आल्या, पिशवी मांडीवर घेऊन मागच्या भिंतीशी बसल्या आणि बाईंचं शिकवणं लक्ष देऊन ऐकायला लागल्या. बाई फळ्यावर बेरीज लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता समजावत होत्या.

"बाई," मागून द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "राग मानू नका. फळ्याकडं तोंड करून बोलायचं नसतंय. लेकरांच्या डोळ्यात बघून बोलायचं. आमाला तसं शिकवलंय."

कालिंदीबाईंचा खडू थांबला. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी पदराला हात पुसले, "बरं, बाई," म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या.